केस माझे, मूठ गावाची

हां हां हां, हात खाली! आधी हात खाली घ्या, मग बोलतो... नाही, तुम्ही नुसते कौतुकानं बघताय, कळतंय मला, पण कौतुकानं बघणाऱ्याचाच हात आधी येतो, हा माझा अनुभव आहे! तुम्हाला सांगतो, गेलं वर्षभर मला कुणी 'कसा आहेस' म्हणून विचारलेलं नाही. येतात ते थेट 'वाढले का रे? बघू, बघू' करत, आणि बघायचं कशानं? डोळ्यानं? छे! मुठीनं! धरायचं, पीळ द्यायचा, एक हिसडा मारायचा आणि वर तोंड करून सांगायचं, 'नाही अजून. निसटतायत.' अहो, निसटतायत म्हणजे काय? मासे आहेत का? केस माझे, मूठ गावाची!

झालं काय, मी कपडे शिवण्याच्या दुकानात कटिंग मास्तर. दिवसभर कात्री आणि संध्याकाळी नाटक. हौस हो! पण हौसेला काही मर्यादा? माझ्या आजवरच्या भूमिका ऐका... पहिला शिपाई, दुसरा शिपाई, दारावरची थाप. हसता काय? थाप मीच द्यायचो, आतून! एकदा प्रेत झालो, तर त्यातही शिंकलो. आणि अशा मला मिळाला खलनायक! शेवटच्या अंकात नायक मला केसांना धरून जिन्यावरून फरफटत खाली आणतो, टेबलावर डोकं आपटतो, कमरेत लाथ घालतो आणि मी मरतो. म्हटलं, जन्माचं सार्थक झालं.

पहिलाच प्रयोग. नायकानं खेचलं आणि टोप त्याच्या हातात! मी वरच्या पायरीवर, केस खालच्या पायरीवर! लोक असे हसले, असे हसले, की आमच्या नायिकेचा मेलेला बाप खुर्चीतल्या खुर्चीत गदगदा हलायला लागला. पडदा पडला तसा दिग्दर्शक आत आला आणि त्यानं माझ्याच थोबाडात दोन ठेवून दिल्या. मला! टोप सुटला माझा, खेचला नायकानं, आणि थोबाड सुजलं कुणाचं? मग खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात, "हे बघ, पुढच्या हंगामात हेच नाटक परत लावतोय. खरे केस वाढव. मुठीत आले तर खलनायक तू, नाही आले तर तू आणि तुझी ती थाप. घाबरू नकोस, तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही." तुम्हीच सांगा, केसानं गळा कापणं म्हणतात ते आणखी वेगळं असतं का?

आणि मुठीत म्हणजे कुणाच्या मुठीत, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं! आमच्या नायकाला सगळे रणगाडा म्हणतात. दिवसा गॅसची सिलिंडरं पोचवतो, दोन खांद्यांवर दोन, आणि जिना चढताना शीळ घालतो. त्याचा पंजा माझ्या तोंडावर ठेवला तर दोन्ही कान झाकतात. मी आपला घरी टेप लावून बघायचो. टेप म्हणायची, मास्तर, भरपूर झाले. तालमीला गेलो की रणगाडा पंजा घालायचा, ओढायचा, मी भिंतीवर आदळायचो आणि हा शांतपणे दिग्दर्शकाला, "बोटांतच राहतात हो. पकड बसत नाही." दिग्दर्शक म्हणायचा, "बघू, परत एकदा ओढ." परत! भिंतीचा पोपडा पडला, माझ्या कपाळाला टेंगूळ आलं, आणि दिग्दर्शक निकाल द्यायचा, "प्रगती आहे."

बरं, घरी तरी सुख? आमची ही आधी मला हाक मारून उठवायची. आता हाक बंद. सरळ झिंज्या धरते आणि पलंगावरून खाली! वर म्हणते, "सोय झाली बाई, घसा कोरडा करायला नको." भाजीत केस निघाला की तो ताटाच्या कडेला ठेवते आणि वाढायचा डाव हातात घेते. तो डाव मी दोनदा पाठीवर घेतलाय. सासूबाई आल्या चार दिवस राहायला, तर त्यांनी दारातच पकडलं, "जावईबापू, दाखवा, किती झाले?" आणि अशी ओढली बट, अशी ओढली... माझ्या डोळ्यांत पाणी, तर लेकीला म्हणतात, "बघ, किती गहिवरले मला बघून!" केस माझे, मूठ गावाची!

मालकाचं तर विचारूच नका. परवा एका गिऱ्हाइकाचा कोट शिवत होतो, वाकलो जरासा टीप बघायला, आणि मशीनच्या चाकानं बट गिळली ना! चाक फिरतंय, मी जातोय आत, नाक सुईपाशी, ओरडतोय, "बंद करा, बंद करा!" आणि मालक पलीकडून विचारतोय, "कोट फाटला का?" कोट! शेवटी बट कापून सोडवलं. ती बट गेली कोटाच्या अस्तरात शिवली, गिऱ्हाईक दोन दिवसांनी आलं, मान लाल, "आत काय घातलंय? जनावर?" झालं! मालकानं मोठी कात्री उचलली, टेबलावर खण्णकन आपटली आणि म्हणाला, "सोमवारी हे जंगल घेऊन आलास, तर तुला इस्त्री करून परत पाठवीन."

आता काय करता? नोकरी गेली तर खायचं काय, आणि केस गेले तर... तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? अहो, दारावर थाप देऊन देऊन बोटं झिजली माझी! रंगमंचावरच्या माणसानं दार उघडायचं आणि लोकांना मी दिसायचोच नाही, माहितीये? आई एकदा नाटक बघून आली, म्हणाली, "छान होतं, पण तू कुठं होतास?" ते लागलंय मला. पण पोटापुढं काय चालतं? गेलो सलूनमध्ये. बसलो खुर्चीवर. म्हटलं, काप बाबा, डोळे मिटतो, सगळं काप.

त्यानं गळ्याला कापड बांधलं. कात्री उचलली. थांबला. मी डोळे मिटूनच विचारतो, काय झालं? तर म्हणतो कसा, "मास्तर, इतके दिवस ऐकून होतो... जरा ओढून बघू?" अरे, तूसुद्धा? आणि मी होय-नाही म्हणायच्या आत असा हिसडा मारला त्यानं, की खुर्ची गर्रकन फिरली, मी आरशाकडं पाठ करून बसलो, आणि तो किंचाळला, "मास्तर! मुठीत येतात की!"

मी तसाच पळालो, तुम्हाला सांगतो! गळ्यात ते कापड, मागं सलूनवाला 'माझं कापड, माझं कापड' करत, आणि थेट तालमीच्या हॉलमध्ये. रणगाड्यापुढं डोकं खाली घातलं, म्हटलं, धर! त्यानं धरलं. बोटं मिटली. पूर्ण मिटली! आणि न सांगता मला जिन्यावरून खाली आणलं, सगळ्या पायऱ्या मोजत, माझ्या बरगड्यांनी. खाली पडल्या पडल्या मी रडत होतो, आनंदानं हो... थोडंसं बरगडीमुळंही. दिग्दर्शक म्हणाला, "खलनायक तूच."

मालकाच्या पाया पडून प्रयोगापर्यंतची मुदत मागून घेतली, आणि मग प्रयोग. हॉल खचाखच. शेवटचा अंक. रणगाड्याला त्या दिवशी चढला होता जोर! असा ओढला, असा ओढला, की टर्रकन आवाज आला आणि डावीकडचा झुबका मुळासकट त्याच्या हातात! मी जी किंकाळी फोडली, ती नाटकात नव्हती. टेबलावर आपटलं, मी खरा विव्हळलो. लाथ बसली, मी खऱ्या शिव्या दिल्या. आणि हॉल? उभा! टाळ्या, टाळ्या, टाळ्या! पहिल्या रांगेत आमचा मालक शर्टाच्या बाह्या मागं सारून ओरडतोय, "आणखी हाण! कोट आठव, कोट!" सासूबाई खुर्चीवर चढलेल्या. आई शेजारणीला हलवून सांगतेय, "तो! तो लोळतोय ना, तो माझा!" खरं सांगतो, डोकं आगीसारखं जळत होतं आणि मला वाटत होतं, हे संपूच नये.

संपलं नाहीच! आमची ही उठली, तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली आणि गरजली, "वन्स मोअर!"

रणगाडा सज्जन माणूस. प्रेक्षकांचा शब्द खाली पडू देत नाही. मला परत जिन्यावर नेलं. या खेपेला उजवीकडचे गेले.

आता दिग्दर्शक म्हणतो, प्रत्येक प्रयोगाला झुबका निघालाच पाहिजे, लोक त्यासाठीच येतात. मालक म्हणतो, खबरदार कापलेस तर. रोज सकाळी आरशासमोर उभा राहतो, स्वतःच मूठ घालून बघतो. पूर्वी बघायचो, वाढले का... मग बघायचो, कापू का... आता काय? पुढच्या महिन्यात दौरा आहे. पुरतील का, एवढंच बघतो.