भिंतीतला हीटर आणि माझी कुऱ्हाड

मी, एर्सिलिया कुरिवाल वेनुमान, वय ८१ (आईच्या हिशेबाने, कागदावर ७९ आहे), धंदा लोकर कातणे व विणणे, पूर्वी बाजारात भाजी विकणे, अक्षरओळख नाही, राहणार लॉस कोइग्वेस वसाहत, इमारत क्र. ४, तिसरा मजला, घर क्र. ३०२, पाद्रे लास कासास. आज गुरुवार, ता. ११ जुलै रोजी सायंकाळी ५ वाजता मला कोणी बोलावलेले नसताना ठाण्यात हजर झाले असून, हवालदार मारिन यांनी विचारले ते आणि न विचारलेलेही सांगते, ते असे:

वरील घरात मी, माझी नात यानेत व तिची सात महिन्यांची मुलगी लिकान अशा तिघी राहतो. नात चपलांच्या दुकानात कामाला जाते. दिवसा बाळ माझ्याकडे असते.

मागील हिवाळ्यानंतर, गावात धूर फार होतो म्हणून, आमची लाकडाची शेगडी काढून नेण्यात आली व त्या बदल्यात भिंतीत विजेचे दोन हीटर बसवून देण्यात आले. एक बैठकीच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात. शेगडी दिली, पण लाकडे फोडायची कुऱ्हाड मी दिली नाही. ती माझ्या नवऱ्याची आहे. "आजी, तिसऱ्या मजल्यावर झाडे उगवणार आहेत का?" असे नात म्हणाली होती. कुऱ्हाड दाराच्या मागे असते.

इकडचा हिवाळा सुरू झाला तसा, जून महिन्यापासून बैठकीतला हीटर अर्धा-पाऊण तास चालून बंद पडू लागला. तासाभराने आपोआप चालू व्हायचा. बंद पडताना जळका वास यायचा. आम्ही इमारतीचे व्यवस्थापक श्री. रिफो यांना दोन वेळा सांगितले. दोन्ही वेळा त्यांचा एकेक माणूस आला, उभ्या उभ्या बटण लावले, हात धरून पाहिला, "चालू आहे की, आजी," म्हणाला आणि गेला. दोघांपैकी कोणी बूट पुसले नाहीत. दुसऱ्या वेळी माणसाबरोबर श्री. रिफो स्वतःही आले व म्हणाले, "तुम्ही हीटरवर ओली लोकर वाळत घालता. वास तिचा आहे." याबाबत माझे म्हणणे असे की, पहिल्या आठवड्यात मी दोन लडी वाळत घातल्या होत्या, हे खरे आहे. शेगडीवर साठ वर्षे घातल्या, हाताला सवय. नातीने ओरडल्यावर पुन्हा घातल्या नाहीत. ओल्या लोकरीला मेंढीचा वास येतो, प्लास्टिकचा येत नाही. पण मेंढी श्री. रिफो यांनी ताटातच पाहिली असावी.

आज दुपारी १ वाजण्याच्या सुमारास तळमजल्यावरील ओनोफ्रे लेपिलान, वय अंदाजे ४०, यांना मी बोलावले. ते पूर्वी लाकडाच्या गिरणीत वायरमन होते, आता वॉशिंग मशीन दुरुस्त करतात. त्यांनी दारात बूट पुसले. हीटर चालू केला व खुर्चीवर बसले. आमच्या माणसांत घरी आलेल्याशी कामाचे आधी बोलत नाहीत. आधी विचारपूस होते. मी माते, म्हणजे आमचा पानांचा कडू चहा, पाजत विचारले, "आई कशी आहे?"

"बरी आहे. गुडघा दुखतो."

"कुठला?"

"डावा."

"मागच्या खेपेला उजवा होता."

"तो आता जुना झाला, आजी."

(हवालदार म्हणतात, आजी, मुद्द्यावर या. मुद्द्यावरच आहे बाळा, लिही.)

मग त्यांचे भाऊ, भावांची मुले, मामाची शेती, बटाट्यावर पडलेला रोग, असे सर्व झाले. मग त्यांनी माझ्याकडची विचारपूस केली, तीही एकेक माणूस घेऊन. घाई केली नाही. यात चाळीस मिनिटे गेली. मी माझ्या भाच्याच्या बैलांपर्यंत आले तेव्हा भिंतीत 'टक' असा आवाज होऊन हीटर बंद पडला. ओनोफ्रे यांनी हात वर करून मला थांबवले. मला बोलताना थांबवणारा नवऱ्यानंतर हाच पहिला.

त्यांनी हाताची पालथी बाजू भिंतीवर फिरवली. हीटरच्या वर एक वीतभर भिंत तापलेली होती. मीही अंगठा लावून पाहिला. त्यांनी घरातला मेन स्विच पाडला. दिवे गेले, पण हीटरच्या तारेला टेस्टर लावला तर तो पेटलेलाच. ते म्हणाले, "आजी, याची वीज तुमच्या घरातून येतच नाही. जिन्याच्या लाईनवरून ओढलीय. ती खालच्या पेटीतून बंद करावी लागेल. बाळ कुठंय?"

बाळ त्याच भिंतीच्या पलीकडच्या खोलीत झोपले होते. पाळण्याची डोक्याकडची बाजू भिंतीपासून चार बोटांवर आहे. मी जाऊन बाळाला उचलले. याबद्दल मला अधिक काही सांगायचे नाही.

खालच्या पेटीला कुलूप होते. किल्ली श्री. रिफो यांच्याकडे असते व ते जेवायला गेले होते. ओनोफ्रे यांनी त्यांना तीन वेळा फोन केला, उचलला नाही. तोवर भिंतीतून धूर येऊ लागला होता. तेव्हा मी दारामागची कुऱ्हाड ओनोफ्रे यांच्या हातात दिली. त्यांनी मागितली नव्हती. त्यांनी पेटीचे कुलूप एका घावात तोडले व स्विच पाडला. संपूर्ण इमारतीची वीज गेली. वर येऊन त्यांनी हीटर भिंतीतून काढला. मागे दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. चिकटपट्टी वितळली होती. शेजारची लाकडी फळी कोळसा झाली होती, आत अजून लाल होती. त्यांनी तिच्यावर किटलीतले पाणी ओतले. स्वयंपाकघरातला हीटरही काढला. तिथेही तसेच निघाले.

तारा तापल्या की सांधा सुटायचा, निवल्या की पुन्हा चिकटायचा, असे त्यांनी मला समजावले. उभ्या उभ्या पाहणाऱ्याला तो दिसणार नव्हता.

श्री. रिफो २.३० वाजता आले. "कुऱ्हाड घेऊन फिरणारा माणूस," असे ओरडले व फिर्याद दिली. म्हणून ओनोफ्रे दुपारपासून बाहेरच्या बाकावर बसून आहेत. कुऱ्हाड माझी, दिली मी, म्हणून गुन्हा असल्यास माझ्या नावावर घ्यावा व त्यांना घरी सोडावे. त्यांच्या आईचा गुडघा दुखतो, हे वर आलेच आहे. जळालेली फळी मी टोपलीत आणली आहे, ती जमा करून घ्यावी. टोपलीत तळलेल्या पुऱ्याही आहेत, त्या जमा करायच्या नाहीत. त्या बाकावरच्या माणसाच्या आहेत. हवालदारांनी एक घेतली तर चालेल.

ओनोफ्रे लेपिलान यांचे मी आभार मानते. हवालदार म्हणाले, जबाबात आभाराला जागा नसते. मी म्हटले, मग मी बसते, तू जागा शोध. त्यांनी इथे लिहिले आहे. बाळाला अजून बोलता येत नाही, तिचेही यातच धरावेत.

लिहिलेले सर्व मला मोठ्याने ऐकवले. एके ठिकाणी "कुऱ्हाडीने नासधूस केली" असे आले होते, ते खोडून "कुऱ्हाडीने कुलूप तोडून आम्हाला वाचवले" असे करून घेतले. आता बरोबर आहे. उजव्या अंगठ्याला भिंतीचा चटका बसून फोड आला आहे, म्हणून डावा उठवला. उजवा बरा झाला की त्याचाही ठसा देईन. दोन्ही ओनोफ्रेच्या बाजूने.