विश्वंभरची शब्दांची वही

मंडळी, आज सुरुवातीलाच एक विचारतो. आपण एखाद्या माणसाबद्दल काहीतरी बोलून टाकतो – उगीच, सहज, त्याच्याकडे न बघता! – ते बोलणं जातं कुठं? हवेत विरतं? का जाऊन त्या माणसाला चिकटतं?

कुणी म्हणेल, विरतं. बरं! मग ऐका.

गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी विश्वंभर सोनटक्के नावाचा कारकून होता. वय अडतीस. घरी बायको कौसल्या आणि नऊ वर्षांची मुलगी मंजिरी. माणूस सरळ! पण बढतीच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर – आणि तिथं गाडी अडली. एकदा नापास, दोनदा नापास! शब्द पाठ करायचा, तर सकाळी पाठ, संध्याकाळी सपाट.

मग त्याला रद्दीच्या दुकानात एक जुनी वही मिळाली. शब्दांची. पण घोकंपट्टीची नव्हे हो! प्रत्येक पानावर आधी एक मूळ, मग त्या मुळाच्या फांद्या. आपल्याकडे धातू असतो ना? मृ – मग मरण, मृत्यू, मर्त्य, अमृत. तसंच त्यांचं मॉर्ट – मग मॉर्टल, इम्मॉर्टल, पोस्टमॉर्टेम! आपलं स्वप्न आणि त्यांचं सॉम्न, जाणकार म्हणतात, एकाच घरचे. झोप! त्यातून इन्सॉम्निया, निद्रानाश. एक मूळ धरलं की दहा शब्द हातात. विश्वंभर हरखलाच!

प्रत्येक शब्दाखाली दोन ओळी. एक जुन्या मालकाच्या हातची – इंग्रजी वाक्य, सुवाच्य अक्षर, पण जिथं माणसाचं नाव असायला हवं तिथं कोरा कागद. खोडलेलं नाही, पुसलेलं नाही. नावच नाही! दुसरी ओळ रिकामी, आणि पुढे सूचना – ‘वाक्यात उपयोग करा. ओळखीच्या माणसाचं नाव घाला.’

विश्वंभर बसला लिहायला. आता परीक्षेचा अभ्यास करणारे सगळे एक चूक करतात, तीच त्यानं केली. काय? वाक्य खरं कशाला हवं, बरोबर असलं की झालं! शेजारच्या चंपाकाकू – तोंडाचा पट्टा सकाळी सहाला सुरू. त्यानं गमतीनं लिहिलं, ‘चंपाकाकू इज टॅसिटर्न.’ म्हणजे अबोल. उलटं लिहिलं की लक्षात राहतं म्हणे! भोसेकर साहेब कचेरीत टेबलावर घोरायचे. त्यांच्या नावावर निद्रानाश घातला.

आणि एका पानावर एक शब्द होता, इव्हॅनेसंट. विरत जाणारं, हळूहळू नाहीसं होणारं. धुक्यासारखं. शब्द ऐकायलाच किती गोड! एवढ्या गोड शब्दाला गोड नाव हवं. त्यानं लिहिलं – ‘मंजिरी इज इव्हॅनेसंट.’

मृदंगवाले बुवा, हात थांबवा जरा. इथं वाजवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले तरी शेजारून आवाज नाही. विश्वंभर डोकावला. चंपाकाकू ओसरीवर बसलेल्या, डोळे टक्क उघडे.

‘काकू, बरं नाही का?’

काकूंनी तोंड उघडलं. मिटलं. मान हलवली. बस!

विश्वंभर म्हणाला, असेल घसा बसलेला. कचेरीत गेला, तर भोसेकर साहेबांचे डोळे लालभडक. ‘सोनटक्के, डोळाच लागत नाही हो. पडलं की कुणीतरी आतून हलवून जागं करतंय!’

तेव्हा त्याला वहीतली वाक्यं आठवली. भरदुपारी, मंडळी! ऊन रणरणतंय, रस्त्यावर रिक्षा चालल्यात, आणि हा माणूस उघड्या डोक्यानं घराकडं पळतोय!

मंजिरी घरीच होती. दारात उभी.

‘शाळा सुटली का गं लवकर?’

‘बाबा, बाईंनी हजेरीत माझं नावच नाही घेतलं. मी हात वर केला. तरी नाही. म्हणून मी निघून आले. कुणी अडवलं पण नाही.’

आवाज कसा? भिंतीपलीकडून यावा तसा. आणि तिच्या पायाशी सावली पडली होती – तिच्यामागच्या चौकटीच्या सावलीपेक्षा फिकी.

आतून कौसल्येनं हाक मारली, ‘आलात होय? या, जेवून घ्या.’ तो आत गेला. दोन ताटं मांडलेली.

‘अगं, तिसरं?’

‘तिसरं कुणाला? पाहुणे यायचेत का कोणी?’

आई विचारतेय, मंडळी! पोटची पोर शेजारी उभी आहे, आईच्या पदराला हात लावतेय, आणि आई विचारते – कुणाला? अंगावर काटा येतो का नाही?

विश्वंभरनं स्वतःचं ताट मंजिरीपुढं सरकवलं, पण ती न जेवताच ओसरीत गेली. त्यानं वही काढली. वाक्य होतं, जसंच्या तसं. पण ‘मंजिरी’ या नावाची शाई मात्र उडत चाललेली! आता कळलं त्याला, जुन्या मालकाच्या ओळीत नावं का नव्हती. कुणाची असतील ती नावं? कोण आठवणार?

त्यानं वाक्य खोडलं. खोडलेली रेघ त्याच्या डोळ्यांदेखत कागदात जिरली, वाक्य वर आलं. पान फाडायला गेला, तर बाहेरून मंजिरी कळवळून ओरडली. हात जागीच थांबला.

मग त्यानं अक्कल लढवली. मुळावर इलाज मुळानंच! वहीत दुसरं मूळ होतं, टेन. धरणे, पकडून ठेवणे. त्याची फांदी टिनेशस. चिवट, धरलेलं न सोडणारी. त्यानं लिहिलं, ‘मंजिरी इज टिनेशस.’ एकदा लिहिलं. दहादा. शंभरदा! बोटं सुजली. काही नाही. नाव फिकं होतच चाललं.

का हो? वाईट शब्द एका ओळीत लागला, चांगला शंभर ओळींत का लागेना? तुम्हीच सांगा! अहो, दगड डोळे मिटून भिरकावला तरी कुणाला तरी लागतो. पण घास? घास भरवायचा तर तोंड कुठं आहे ते बघावं लागतं!

त्यानं स्वतःलाच विचारलं, मंजिरी खरंच चिवट आहे का? दोन वर्षं पुस्तकात डोकं! पोर काय खेळते, कशाला भिते, काय धरून ठेवते – बापाला ठाऊकच नाही. शब्दाचा अर्थ पाठ, माणसाचा कोरा! तिथं तो पहिल्यांदा रडला.

मग वही बाजूला ठेवली आणि ओसरीत पोरीसमोर जाऊन बसला. नुसता बघत.

मंजिरी सागरगोटे खेळत होती. एक वर उडवायची, झेलायला तळहात पसरायची – आणि सागरगोटा हातातून खाली! पुन्हा ऐका. हातावरून नव्हे, हातातून! तळहात इतका विरळ झाला होता की खालची फरशी दिसत होती. गोटा टक्कन फरशीवर. पोर काय करते? रडते? नाही. उचलते – दोन्ही हातांनी, कशीबशी, तीनदा निसटल्यावर – आणि पुन्हा उडवते. पुन्हा खाली. पुन्हा उचलते. विश्वंभरनं मोजलं, एकेचाळीस वेळा! ओठ घट्ट, कपाळावर आठी, आणि नजर वर.

इंग्रजी गेलं, परीक्षा गेली, आपल्या बोलीत तो म्हणाला, ‘मंजे, तू सोडत नाहीस गं. किती वेळा पडलं, तरी तू सोडत नाहीस!’

पोरीनं चमकून वर बघितलं. ‘बाबा, मी दिसते तुम्हाला?’

‘दिसतेस, बाळा. आत्ता दिसलीस.’

बेचाळिसाव्यांदा सागरगोटा वर गेला, खाली आला – आणि तळहातावर बसला. चट्! आवाज आला, मंडळी, कातड्यावर टणक बी आपटल्याचा. आणि आतून कौसल्येची हाक, ‘मंजे, दुपार टळली, अजून जेवली नाहीस? ये बघू!’

विश्वंभर उठला तो थेट चंपाकाकूंकडं. त्यांच्यापाशीही तासभर बघत बसला तेव्हा खरं वाक्य सापडलं, आणि काकूंचा पट्टा पुन्हा सुरू! साहेबांना दोन दिवस लागले – साहेबांत चांगलं शोधायला वेळ लागतोच!

आणि परीक्षा? दिली की! मुळं पाठ होती, अर्थ सगळे अचूक. शेवटचा प्रश्न वीस गुणांचा, आणि सोडवणं सक्तीचं – वाक्यात उपयोग करा. त्यानं लेखणी खाली ठेवली आणि पान कोरं सोडलं. तिसऱ्यांदा नापास! आजही कारकूनच आहे. पण एके दिवशी पोरीशी एक खरं वाक्य बोलायचं राहिलं, तर तिची सावली जरा फिकी पडली. तेव्हापासून तो एकही दिवस चुकत नाही.

तुम्ही म्हणाल, बुवा, छान गोष्ट! पण आमच्याकडे कुठं तसली वही? खरंच नाही? मग सकाळी उठून लेकाला ‘मठ्ठ’ म्हणालात ते काय होतं? सुनेला ‘अवदसा’? म्हाताऱ्या बापाला ‘निकामी’? बघून बोललात, का वाक्य बरोबर होतं म्हणून? दहा वर्षं रोज तेच वाक्य गिरवताय आणि वर विचारताय, पोरगं असं का झालं, म्हातारा बोलत का नाही! तुमच्या घरात कोण कोण विरत चाललंय, मोजलंय कधी?

देवाचं नाव नंतर घेऊ. तो कुठं जात नाही. आधी शेजारी तुमचं जे माणूस बसलंय, त्याच्याकडे वळा. नीट बघा. आणि बघून, एक खरं वाक्य बोला.

बोला, बोला! मी टाळ खाली ठेवलेत. तुमचं बोलणं झाल्याशिवाय उचलणार नाही.