सैल राहिलेले नट

ब्लाउज शिवणारी मावशी थांब्यावर बसची वाट बघत होती. शेजारी बसडेपोतले दोन मेकॅनिक ड्यूटी संपवून गप्पा मारत होते. तिने डोळे मिटले, पण कान काही मिटता येत नाहीत.

“सकाळच्या मीटिंगला तू नव्हतास. फोरमनबाईंनी सुरुवात कशाने केली असेल?”

“शिव्यांनी.”

“हो, पण स्वतःला. म्हणाल्या, ‘वीस वर्षं या कामात घालवली आणि काल अर्धा तास इंजिन उघडून बसले. डिझेलच नव्हतं.’”

“थापा मारू नकोस.”

“अरे, पुढे म्हणाल्या, ‘अकलेची टाकीही रिकामीच होती. आता माझ्यापेक्षा मोठं गाढव कोण, ते सांगा.’”

“मग?”

“हसून मुरकुंडी वळली सगळ्यांची. मी उलटा बसवलेला वायपर कबूल केला. मग आपला तो मुखदुर्बळ हेल्पर उभा राहिला. म्हणाला, ‘सात नंबरच्या मागच्या चाकाचे नट मी आवळलेच नाहीत बहुतेक.’”

“बापरे. गाडी कुठे होती?”

“फाटकातून निघत होती. बाई अनवाणी धावल्या तिच्यामागे.”

“आणि नट?”

“तीन नट नुसत्या बोटांनी फिरले.”

“मग त्याची काही धडगत नसेल.”

“छे. म्हणाल्या, ‘गाढवांत पहिला नंबर तुझा, मी दुसरी.’ आणि पाना त्याच्याच हातात दिला. एकेक नट आवळला त्याने.”

तेवढ्यात सात नंबर थांब्याला लागली. मावशी पायरीवर एक पाय ठेवून थबकली.

“तुम्ही याच गाडीने येताय ना रे?”

“येतोय की, मावशी. तुम्ही पुढे बसा. मागच्या चाकावरची सीट आमची.”