विसाव्याचे लाभार्थी

आमच्या अप्पांच्या फोनची गंमत सांगितली का रे तुम्हाला? पुण्याच्या एका संस्थेनं गेल्या साली वार्षिक मदतीतनं आमच्या गावाला विसाव्यावर शेड दिलं. विसावा म्हणजे स्मशानाच्या वाटेवर तिरडी घटकाभर टेकवतात, ती जागा. पण अर्जात अप्पांनी नुसतं 'विसावा' लिहिलेलं. यंदाची मदत ठरायच्या आधी संस्थेच्या नव्या मॅडमचा फोन आला. आम्ही सगळे म्हातारे पारावरच होतो, अप्पांनी स्पीकर लावला.

"विसाव्याला ज्येष्ठ नागरिक येतात का हो?"

"जास्त करून तेच येतेत."

"आपणहून येतात?"

"न्हाय, चौघं घेऊन येतेत."

"अरे वा! कुणाची काही तक्रार?"

"एकाचीबी न्हाय, मॅडम. लई शांत असतेत."

मॅडम खूश. "यंदाची मदत नक्की समजा! फक्त पुढच्या वर्षी लाभार्थी दुप्पट दिसले पाहिजेत."

"बघतो की," म्हणत अप्पांनी फोन ठेवला, आम्हा एकेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खिशातनं पेन काढलं.

"हां, बोला. कुणाकुणाचं नाव लिहून घेऊ?"