तोरणाखाली जाम झालेली जीप

अरे, जीपच्या मागच्या चाकांना फिरवणारं डिफरन्शियल बिघडावं तर कधी आणि कुठे? पोळ्याच्या दिवशी, ऐन वेशीत, आंब्याच्या तोरणाखाली! वरवट बकालच्या आसपासच्या शाळांना पुस्तकं पोचवायला मी ती जुनी जीप घेतली होती. मागून कडाड आवाज आला, आतले दाते तुटले आणि मागची चाकं जागीच जाम झाली.

समोर सजवलेल्या बैलांची रांग उभी. तोरण तोडायचा मान पाटलांच्या जोडीचा, आणि सगळ्यात शेवटी भीमनगरातल्या गौतमकाकांची जोडी. दिल्लीहून शिकून आल्यापासून हा क्रम बदला म्हणून मी भांडत होतो, आणि यंदाही हरलो होतो.

"बैल जुंपून ओढू या," मी म्हणालो.

"पोयाच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू? येडा झाला का बे?" पाटील खेकसले.

"मंग आपणच बैल होऊ," म्हणत गौतमकाका मागच्या बंपरला भिडले. "या ना पाटील इकडून. का तुमाले बी आज सुट्टी हाय?"

सगळे हसले. पाटलांना यावंच लागलं. दोघांनी खांद्याला खांदा लावला, बाकीचेही धावले, आणि जीपचा मागचा भाग उचलून ती पुढच्या चाकांवर ढकलत बाजूला नेली. वेस मोकळी झाली. आता सगळे पाटलांच्या तोंडाकडे बघू लागले.

पाटील धापा टाकत ओट्यावर टेकले. "गौतम, तुई जोडी घे रे पुढं," ते म्हणाले. "तोरण तू तोड. माही त कंबर तुटली."