पुढे चालणाऱ्याचा सत्कार

हो, पडदा मीच पाडला. दोरी माझ्या हातात होती, ओढा असं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ती चुकून सुटली असं म्हणण्याची पळवाट मला नको आहे — बसा, चिटणीस, बसा, दारात उभा राहणारा माणूस एकतर वर्गणी मागायला आलेला असतो नाहीतर माफी, आणि तुमचा चेहरा दोहोंपैकी कशाचाच दिसत नाही. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लुळा आहे. इथे. समितीला लेखी खुलासा हवा आहे म्हणता? तोंडी मिळेल. लेखी दिला तर तो तुमच्या अध्यक्षांना वाचून दाखवायला आणखी एक माणूस नेमावा लागेल.

मी पडद्याच्या दोरीपाशी काय करत होते? हे तुम्ही विचारावं, हे विशेष! तुम्हीच उभं केलं होतंत मला तिथे. रविवारचा सत्कार माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा — नव्वदी ओलांडलेला माणूस, ज्याला सारी वसाहत ‘फौजी आजोबा’ म्हणते — आणि त्याच्या बहिणीला तुम्ही विंगेत उभी करता, हातात मानपत्र देऊन, ‘बाई, खूण केली की आणा’ म्हणून! मी मुख्याध्यापिका होते, चिटणीस. माझ्या खुणेवर अख्खी शाळा उठायची आणि बसायची. पडदा ओढणारा गडी चहाला गेला होता, म्हणून दोरी मोकळी होती. आणि ते मानपत्र! ‘शत्रूला धूळ चारणारा रणमर्द’ — कोणी लिहिलं हो हे? तुम्ही? वाटलंच. माझ्या भावाने उभ्या युद्धात एक गोळी झाडली नाही. तो सुरुंग काढणाऱ्या तुकडीत होता. जमिनीत पुरलेले सुरुंग हुडकायचे आणि निकामी करायचे — पोटावर झोपून, बोटांनी माती बाजूला सारत. युद्ध संपलं, बाकीचे मिरवत घरी आले, आणि हा मागे राहिला, कारण शेतांतले सुरुंग तसेच होते आणि शेतांच्या मालकांना नांगर धरायचा होता. लग्नाचं वय तिकडेच सरलं, लग्न झालं ते फार उशिरा. हे विचारायला तुमच्यापैकी एक तरी त्याच्या घरी आला होता का? आला असतात, तर तो गालिचा अंथरला नसतात.

तांबडा गालिचा! व्यासपीठाच्या पायऱ्यांपासून थेट मानाच्या खुर्चीपर्यंत. दादा आला, काठी टेकत, पण ताठ — आणि गालिच्याच्या कडेला थांबला. थांबणारच. अंथरलेल्या वस्तूवर तो पाय देत नाही, खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय देत नाही. घरच्यांना ते ठाऊक आहे, त्याच्या घरात साधं पायपुसणंही नाही. घाबरतो? छे! घाबरणारा माणूस पळतो. ही त्याच्या कामाची रीत आहे — सुतार फळीवरून हात फिरवतो, तो काय फळीला भिऊन? तर दादा खाली बसला. त्या वयात, गुडघे टेकून, काठी बाजूला ठेवून, त्याने गालिच्याची कड अलगद उचलली आणि खाली हात घातला, आणि तुमचा तो निवेदक — सगळी बुद्धी केसांच्या कोंबड्यात गेलेला — ध्वनिक्षेपकावर म्हणतो काय, ‘आजोबा, काही हरवलं का? कवळी तर नाही ना पडली?’ आणि सभागृह हसलं. तुम्हीही हसलात. नाही म्हणू नका; मला विंगेतून पहिली रांग स्वच्छ दिसत होती, आणि ओठ मिटून कोण हसतंय हे ओळखण्यात माझा जन्म गेला आहे.

त्याच रांगेत आमचे डॉक्टर होते, दादाचे चिरंजीव, माझे भाचे, आणि शेजारी सूनबाई. डॉक्टर उठले आणि बापाला बखोटीला धरून ओढू लागले — ‘बाबा, उठा, लोक बघताहेत!’ लोक बघायलाच आले होते, त्यांना बोलावलंच त्यासाठी होतं. मग शेवटच्या रांगेतून माझी भाची आली. तिला शेवटच्या रांगेत कोणी बसवलं? भाऊ डॉक्टर आणि ती शाळेची गाडी चालवते, म्हणून? हुशार नाही ती, मी आधीच सांगून टाकते. माझ्याच शाळेत एका इयत्तेत दोनदा बसली, आणि बोलते अशी, जणू शब्दाला भाडं पडतं. पण आई गेल्यापासून बापाला जेवू घालते ती, न्हाऊ घालते ती. डॉक्टर वाढदिवसाला फोन करतात. ती आली, भावाचा हात तिने बाजूला केला, गालिचा गुंडाळत गुंडाळत खुर्चीपर्यंत नेला, खालच्या उघड्या फळ्या दाखवल्या आणि म्हणाली, ‘मोकळं आहे, बाबा.’ दादाने नीट पाहिलं. उठला. म्हणाला, ‘माझ्या पावलावर पाऊल टाक.’ आणि निघाले दोघे — पुढे तो, मागे ती, त्याचा पाय जिथून उचलला जाई तिथेच ही आपला ठेवी — आणि तुमचं सभागृह हसून लोटपोट, मोबाइल उंच धरून! तेव्हा मी दोरी ओढली. पडदा फार जड आहे तुमचा. कप्पीला वंगण घाला.

काय? ‘दृश्य जरा गमतीदार होतं’? असेल. हयातभर होतं. हे कुटुंब रस्त्याने चालायचं ते असंच, बदकांसारखं, एकामागून एक — पुढे दादा, मग वहिनी, मग पोरं. लोक म्हणायचे, बघा, फौजी बायकोला मागे चालवतो. मीही म्हणायचे. मी तर वहिनींना तोंडावर विचारलं — स्वाभिमान नाही का तुम्हाला? त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘वन्सं, ते मानासाठी पुढे चालत नाहीत हो. काही असलंच, तर पहिला पाय त्यांचा पडावा म्हणून चालतात.’ आणि पुन्हा भाजी निवडू लागल्या. मी, दोन विषयांत पदवी घेतलेली बाई, तिथे उभी — ते असो. ते इथे अप्रस्तुत आहे. चहा घेणार नाही ना तुम्ही? मी केलेलाही नाही.

आता मुद्द्यावर या. खुलासा हे निमित्त. तुम्हाला डॉक्टरांनी पाठवलं आहे. मान हलवू नका, ती खोटं बोलताना जास्त हलते. पडदा पडला, दादा खुर्चीत टेकून मला विचारतो आहे, ‘संपलं का गं? बरं झालं, खुर्ची फार मऊ आहे,’ आणि तिथेच डॉक्टरांनी जाहीर केलं की बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, आज साऱ्या गावाने पाहिलं, आता त्यांना वृद्धाश्रमाशिवाय पर्याय नाही. दातांचे डॉक्टर आहेत ते, आणि निदान केलं डोक्याचं! जागा म्हणे आधीच पाहून ठेवली आहे. ऐकलंत? निदान नंतरचं, जागा आधीची. मी जाऊन आले तिथे. स्वच्छ आहे, मला खोटं बोलायचं नाही. पण भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा — करडा, मऊ, पायाखाली दबणारा — प्रत्येक खोलीत, जिन्यावर, न्हाणीघराच्या दारापर्यंत, आणि फरशीला चिकटवलेला, कड म्हणून कुठे उचलता येत नाही. तिथली बाई कौतुकाने सांगत होती, कोणी पडलं तरी लागत नाही. मी म्हटलं, माझा भाऊ पडणार नाही. तो पहिल्या दिवशी तुमच्या उंबऱ्यावर बसेल आणि मरेपर्यंत तिथेच बसून राहील.

‘मग मुलीकडे दिवसभर एकटे कसे राहतील?’ — हे मात्र डॉक्टरांचं बरोबर आहे. मूर्खाचंही एखादं वाक्य बरोबर येतं. दोघं राहतात ते वरच्या मजल्यावर, जिना अंधारा, आणि ती गाडीवर गेली की घरात चिटपाखरू नाही. म्हणून काल संध्याकाळी मी सगळ्यांना इथे बोलावलं. खाली काय पाहता? फरशी आहे. गालिचा होता, शाळेने निरोपाला दिलेला. काल दुपारी मी तो काढला. एकटीने गुंडाळताना कंबर धरली, पण काढला. रंग विटला होता त्याचा, एवढंच कारण. आणि मला सोबत हवी आहे, घर खायला उठतं वगैरे अर्थ तुम्ही काढू नका. मी संध्याकाळी रेडिओ लावते तो बातम्यांसाठी लावते.

तर ठरलं ते असं. दादा आणि भाची, दोघं इथे, तळमजल्यावर, माझ्याकडे राहायला येणार. ती गाडीवर असेल तेव्हा मी घरात असेन. वृद्धाश्रमातली जागा डॉक्टर आज सोडतील. सत्कार पुन्हा होणार नाही — दादाला विचारलं, पुन्हा करू म्हणताहेत, हवा का? तो म्हणाला, ‘कोणाचा?’ समितीला एवढं कळवा. डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग त्यांनी सूनबाईंकडे पाहिलं, मग हो म्हणाले. दादाने दोन्ही खोल्यांतून, न्हाणीघरातून, मागच्या पायऱ्यांवरून एक फेरी मारली आणि मग हो म्हणाला. भाची सगळ्यांत शेवटी बोलली. तिने अट घातली, की आत्याने जेवताना कोणाच्या चुका काढायच्या नाहीत.

ती अट मी मान्य केली आहे. या आता.