तीन लिटरची हिरवी बॅग

हसू नका राव. ती पाण्याची बॅग मी महिनाभर व्हिडिओ बघून निवडली होती. हिरवी, तीन लिटरची. पाठीवर अडकवायची, खांद्यावरून येणाऱ्या नळीनं पाणी प्यायचं, गिअरची सायकल थांबवायचं कामच नाही.

बोरी गावाच्या पुढं चढावर मी नळी तोंडात घातली. तेवढ्यात कापसात औषध मारणारे एक काका पाठीवरचा फवारणी पंप टाकून बोंबलत आले, "आरं, पंपातलं पिऊ नको!"

त्यांनी मला खाली ओढलं आणि मिठाचं पाणी पाजलं. मी सांगायला तोंड उघडलं की आणखी एक तांब्या आत. शेवटी भडाभडा ओकलो.

मग काकांनी नळी हुंगली.

"आरं, हे तर साधं पाणी हाय! मग ओकायलास कशाला?"